विषाचा व्यापार आणि सम्यक आजीविका

(चांदूर रेल्वे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या या गावाच्या नावातच रेल्वे आहे. ही रेल्वे येथे कशासाठी आली, हे वऱ्हाडातल्या माणसाने विसरता कामा नये. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्या काळ्या मातीची किंमत एकाएकी साहेबाच्या ध्यानात आली. १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. तेव्हापासून कापूस येथून बाहेर जातो आहे. त्याच्या बदल्यात पूर्वी गिरणीचे कापड आले, पुढे कर्ज आले आणि गेल्या काही दशकांत आणखी एक वस्तू नेमाने येऊ लागली आहे. ती म्हणजे बाटलीबंद विष.

‘बौद्ध नीतीच्या दृष्टीतून आजचे सामाजिक व पर्यावरणीय प्रश्न’ असा विषय आपण मला दिला होता. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे, पालीचा पंडित नव्हे. म्हणून सगळ्या प्रश्नांना स्पर्श करीत फिरण्यापेक्षा आपल्या शिवारातला एकच प्रश्न मी घेणार आहे. पऱ्हाटीवर फवारले जाणारे विष, आणि ते फवारणारा माणूस.

या विषयाकडे मला एका माजी विद्यार्थ्याने वळविले. तो जवळच्याच एका खेड्यातला, भूमिहीन, बौद्ध. बुद्धपौर्णिमेला विहारात पंचशीलाचे पठण तोच सांगतो आणि श्रावण-भाद्रपदात पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या शेतात फवारणीला जातो. मी त्याला प्रकृतीचे विचारले. तो म्हणाला, “सर, फवारा मारला का दोन दिस तोंडाले चव राहत नाही. डोये चुरचुर करतात. पन साध्या कामापरीस मजुरी जास्त भेटते, म्हनून जातो.” आणि थोडे थांबून त्याने मलाच विचारले, “सर, पहिलं शील जिवाची हत्या न करन्याचं. मंग हे शील मोडते कोनाचं? माह्यं, का मालकाचं, का कंपनीचं?”

इतकी वर्षे मी वर्गात मागणी-पुरवठ्याचे वक्र काढीत आलो. या प्रश्नाचे उत्तर त्या वक्रांत सापडेना. म्हणून मी बुद्धाच्या अर्थविचाराकडे नव्याने पाहिले. त्यातून जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

अष्टांगिक मार्गातले एक अंग सम्यक आजीविका. उपजीविका करावी, पण ती दुसऱ्याच्या दुःखावर उभी नसावी, एवढा त्याचा साधा अर्थ. अंगुत्तर निकायात याचा खुलासा अगदी व्यवहारी भाषेत आला आहे. गृहस्थ उपासकाने पाच व्यापार करू नयेत, असे तेथे सांगितले आहे. शस्त्रांचा, जिवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या समाजात विषाचा व्यापार तो केवढा असणार! तरीही त्याला वेगळे नाव देऊन तो निषिद्ध ठरविला गेला. हा निषेध विष वापरणाऱ्या गांजलेल्या माणसाला उद्देशून नाही. व्यापार करणाऱ्याला, म्हणजे नफ्यासाठी ते खपविणाऱ्याला उद्देशून आहे. पहिले शील प्रत्येकाच्या आचरणाला हात घालते, सम्यक आजीविका बाजाराला हात घालते. आपण विहारात शील म्हणतो आणि बाजाराला विहाराबाहेर उभा करतो, तेथे आपली चूक होते.

येथे कोणी म्हणेल, अळी मारणे हीच मुळी हिंसा आहे. मग बौद्ध शेतकऱ्याने शेती करावी तरी कशी? हा आक्षेप जुना आहे आणि त्याचा विचार बाबासाहेबांनी केला आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या परिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यात अहिंसेची चर्चा करताना त्यांनी तत्त्व आणि नियम यांत भेद केला आहे. नियम माणसाला करकचून बांधतो. तत्त्व त्याला विवेक करण्यास मोकळीक देते. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. आपले पीक वाचविणारा शेतकरी या विवेकाच्या कक्षेत येतो. पण विवेक करावयाचा म्हणजे पुढचे प्रश्न टाळता येत नाहीत. ही गरज खरोखर किती आहे? ती कोणी निर्माण केली? आणि ती भागविताना मरतो कोण?

या प्रश्नांची उत्तरे आपल्याला दूर शोधावी लागत नाहीत. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ सालच्या जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली. त्या वेळी पुढे आलेली कारणे एकेक करून पाहण्यासारखी आहेत. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. त्यामुळे फवारा पायाशी न पडता तोंडावर येत होता. हवा उष्ण व दमट होती. जोराने तुषार फेकणारे नवे पंप आले होते. दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारण्याची पद्धत पडली होती. मजुरांजवळ संरक्षक कपडे नव्हते. रक्तातील विषाचा परिणाम मोजणारी कोलिनएस्टरेजची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी वेळेवर होत नव्हती. आणि या सगळ्यांच्या मुळाशी होती गुलाबी बोंडअळी.

ही अळी पुन्हा कशी आली? २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. बोंडअळी संपली, आता फवारणीचा खर्च वाचेल, असे शेतकऱ्याला सांगण्यात आले. पहिली काही वर्षे तसे घडलेही. परंतु सगळीकडे तेच वाण, अळीत प्रतिकारशक्ती निर्माण होऊ नये म्हणून बांधाच्या कडेने लावावयाच्या बिगर-बीटी ओळी कोणी लावल्या नाहीत, आणि चार पैसे अधिक मिळावेत म्हणून फरदड घेऊन पऱ्हाटी उन्हाळ्यापर्यंत उभी ठेवली. अळीला बारमाही घर मिळाले आणि त्या विषाला ती सरावली. मग बियाण्याचा खर्चही राहिला आणि फवारणीचाही राहिला.

बुद्धाने प्रतीत्यसमुत्पाद सांगितला. हे आहे म्हणून ते होते. हे नसेल तर तेही होणार नाही. दुःख आकाशातून पडत नाही, त्याला कारणांची साखळी असते आणि तिची एखादी कडी तोडता येते. आपल्या शिवारात ही साखळी अशी आहे. शेतकऱ्याजवळ पैसा नाही, म्हणून तो कृषी केंद्रातून उधारीवर बियाणे व औषध घेतो. उधारी देणाराच त्याचा सल्लागार होतो. वैद्य आणि औषधविक्रेता एकच. जास्त औषध सांगण्यात विक्रेत्याचा फायदा. विक्रेत्यावर कंपनीच्या खपाचे दडपण. कृषी सहायकाकडे इतकी गावे की तो बांधावर पोहोचेपर्यंत अळी बोंडात शिरलेली असते. शेतकरी भीतीपोटी दोन औषधांऐवजी तीन कालवितो. आणि साखळीच्या शेवटच्या टोकाला उभा असतो तो मजूर. त्याला औषधाचे नाव माहीत नसते आणि नकार द्यावा एवढे घरात धान्य नसते.

यानंतर कोणी म्हणतो, “मजुरांनी मास्क घातला नाही, चूक त्यांचीच.” साथींनो, वऱ्हाडातल्या ऑक्टोबरच्या उन्हात, छातीएवढ्या पऱ्हाटीतून, पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप घेऊन, रबरी पोशाख घालून दिवसभर चालून दाखवा असे मी अशा सद्गृहस्थांना सांगेन. जी काळजी घेणे या हवामानात अशक्य आहे ती घ्या असे बाटलीवर छापावयाचे आणि नंतर ती न घेतल्याचा दोष मेलेल्याच्या माथी मारावयाचा, ही नीती कोणत्याच धर्माची होऊ शकत नाही. बाटलीवरच्या लहानशा चौकोनात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिजहाल. रंगांचा हा क्रम फवारणाऱ्या किती मजुरांना कोणी समजावून सांगितला आहे?

अर्थशास्त्रात या गोष्टीला नाव आहे. उत्पादनाचा जो खर्च उत्पादक स्वतः सोसत नाही, दुसऱ्याच्या माथी टाकतो, त्याची चर्चा पिगू यांनी १९२० साली केली. पुढे १९५० साली विल्यम कॅप यांनी खाजगी उद्योगांच्या सामाजिक खर्चावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. कापसाच्या क्विंटलच्या भावात बियाणे धरले जाते, खत धरले जाते, औषध धरले जाते. मजुराचे डोळे धरले जात नाहीत. विहिरीत उतरलेले विष धरले जात नाही. मेलेल्या मधमाश्या धरल्या जात नाहीत. म्हणून मी म्हणतो की, सामाजिक प्रश्न आणि पर्यावरणाचा प्रश्न असे दोन प्रश्न येथे नाहीतच. माणसाच्या रक्तात आणि मातीच्या ओलीत एकाच बाटलीतले विष उतरते, आणि दोहोंचा खर्च हिशेबाच्या वहीबाहेर ठेवला जातो.

कायद्याचा इतिहास पाहिला तर तो मृत्यूंच्या मागून चाललेला दिसतो. १९५८ साली केरळात व मद्रास राज्यात पॅराथिऑन मिसळलेले अन्न खाऊन शंभरावर माणसे मेली, तेव्हा चौकशी झाली आणि १९६८ साली कीटकनाशकांचा कायदा आला. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला ज्या कारखान्यात वायुगळती झाली तोही कीटकनाशकाचाच होता. २०१३ साली बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात मोनोक्रोटोफॉस मिसळले जाऊन २३ मुले दगावली. त्या औषधाच्या सर्रास खपणाऱ्या प्रकारावर बंदीचा आदेश निघावयास २०२३ साल उजाडले. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने २७ कीटकनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला होता. त्यांतील मोजकीच प्रत्यक्षात बंद झाली. यवतमाळच्या काही पीडितांनी स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या न्यायालयापर्यंत दाद मागितली. कंपनीने आरोप नाकारले. या निवाड्याचे काहीही होवो, आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसाला न्यायासाठी सातासमुद्रापार जावे लागावे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

आणि आपल्या येथील मदतीची व्यवस्था कशी आहे? महाराष्ट्रात शेतकऱ्यांसाठी अपघात विम्याची योजना झाली, पुढे तिला सानुग्रह अनुदानाचे रूप आले. कीटकनाशके हाताळताना होणारी विषबाधा तिच्यात अपघात म्हणून धरलेली आहे. ही चांगली तरतूद आहे. पण योजना बांधलेली आहे ती सातबाऱ्याशी. खातेदार किंवा त्याच्या कुटुंबातील व्यक्ती. पंप ज्याच्या पाठीवर असतो तो पुष्कळदा कोणाच्याच सातबाऱ्यावर नसतो. विष अंगावर घेण्यासाठी तो चालतो, मदतीच्या कागदावर तो चालत नाही.

हा प्रश्न शेवटी जमिनीपाशी येतो, आणि तेथे आपल्या चळवळीचा इतिहास आठवतो. १९२७ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब अमरावतीला आले ते अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर भरलेल्या परिषदेसाठी. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाडला पाण्याचा हक्क बजावला गेला होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. येथून रेल्वेने नागपूर काही तासांच्या अंतरावर आहे. त्यानंतर १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पाणी, धर्म, जमीन असा तो सरळ क्रम होता. पुढे जमिनीची मागणी मागे पडली. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात होते. त्यांतील किती जणांच्या नावे शेत आहे आणि किती जण दुसऱ्याच्या शेतात फवारतात, हे आपल्या पक्षाने तरी गावोगाव मोजले आहे काय?

सिद्धार्थाच्या आयुष्यातील एका प्रसंगाकडे आपले लक्ष वेधतो. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’त राजपुत्र नांगरट पाहण्यास जातो. नांगराने उलटलेल्या मातीत चिरडलेले किडे त्याला दिसतात, ऊन-वाऱ्याने रापलेले नांगरकरी दिसतात, थकलेले बैल दिसतात, आणि तो व्याकूळ होतो. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात बालसिद्धार्थ शेतावर जातो त्या प्रसंगाला आणखी धार दिली आहे. उन्हात राबणारे अपुऱ्या वस्त्रांतले मजूर पाहून तो मुलगा विचारतो की, एकाने राबावे आणि दुसऱ्याने त्या श्रमांवर जगावे, हे योग्य कसे? एकाच शेतात एकाला किडा दिसला आणि दुसऱ्याला मजूर दिसला असे झाले नाही. करुणेचे दोन तुकडे करण्याचे काम आपण केले. पर्यावरणवाले मधमाशीची चिंता करतात, कामगार चळवळ मजुरीची, आणि शेतकरी संघटना भावाची. कोणाचीही चिंता खोटी नाही. पण ती तुटलेली आहे.

शूमाखर यांचे ‘स्मॉल इज ब्युटिफुल’ हे पुस्तक १९७३ साली आले. त्यातील बौद्ध अर्थशास्त्रावरचा लेख आपल्यापैकी पुष्कळांना प्रिय आहे. कमीतकमी उपभोगातून जास्तीत जास्त समाधान, हा त्यातील विचार मोलाचा आहे. पण वऱ्हाडातल्या भूमिहीनाला उपभोग कमी करण्याचा उपदेश कोण करणार? त्याला आधी पुरेसे मिळाले पाहिजे. दीघ निकायातील कूटदंत सुत्तात हीच गोष्ट आहे. राज्यात चोऱ्या-लुटालूट माजली असताना राजाला महायज्ञ करावयाचा असतो. पुरोहित त्याला सांगतो की, शिक्षा करून हे थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बी-बियाणे व चारा दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला वेतन दे, म्हणजे राज्य शांत होईल. नीतीचा पाठ देण्याआधी उपजीविकेची सोय करा, असे सांगणारे हे प्राचीन अर्थशास्त्र आहे. ज्याच्यापुढे दुसरा रोजगार नाही त्याला सम्यक आजीविकेवर प्रवचन देणे ही क्रूर थट्टा होईल.

म्हणून त्या माझ्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे आहे. शील ज्याच्या हाती निवड आहे त्याचे मोडते, आणि जितकी निवड अधिक तितके अधिक मोडते. तुझ्या हाती फार थोडी आहे. लहान शेतकऱ्याच्या हाती तुझ्याहून थोडी अधिक, विक्रेत्याच्या हाती त्याहून अधिक, कंपनीच्या आणि सरकारच्या हाती सर्वांत अधिक. आणि आपल्यासारख्या संघटित कार्यकर्त्यांच्या हाती जी आहे ती आपण वापरली नाही, तर आपणही त्या साखळीत आहोत.

आपण काय वापरावे, ते थोडक्यात सांगून संपवितो. फवारणीच्या हंगामात प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात विषबाधेवरील औषधे आणि रक्ततपासणीची सोय असलीच पाहिजे, आणि प्रत्येक रुग्णाची नोंद कोणते औषध कोणाच्या शेतात मारले यासह झाली पाहिजे. अपघाताच्या मदतीसाठी सातबारा न पाहता काम पाहिले पाहिजे. जो शेतात राबतो तो शेतकरी. औषधाचा सल्ला आणि औषधाची विक्री यांची फारकत झाली पाहिजे. कृषी सहायकाच्या लेखी शिफारशीविना जहाल औषध विकले जाऊ नये. आणि मुळात विषाची गरजच कमी केली पाहिजे. कामगंध सापळे, पाच टक्के निंबोळी अर्क, फरदड न घेणे, वेचणी संपताच पऱ्हाटी काढून टाकणे, हे उपाय कृषी शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. ते एकट्याने करून भागत नाही. शेजारच्या बांधावर फरदड उभी असेल तर माझा सापळा व्यर्थ. सारे गाव एकत्र आले तरच ते साधते, आणि गाव एकत्र आणणे हे आपलेच काम आहे.

यातले एक काम सरकारची वाट न पाहता करता येण्यासारखे आहे. येत्या हंगामातला पहिला फवारा सुरू होण्यापूर्वी तालुक्यातील दहा गावे निवडा. कोण फवारतो, कोणाच्या शेतात, काय, किती मजुरीवर, आणि गेल्या वर्षी त्याला काय झाले, एवढे विचारून लिहून आणा. घरी पाणी आणून औषध कालविणाऱ्या आणि फवारणीचे कपडे धुणाऱ्या बायांनाही विचारा. त्यांची दखल आजवर कोणी घेतलेली नाही. विहारात बैठक घ्या, पाराखालीही घ्या, आणि दोन्हीकडच्या माणसांना एका सतरंजीवर बसवा. बाटलीवरच्या लाल त्रिकोणाचा अर्थ समजावून सांगा. त्या यादीतले पहिले नाव मी आणून देतो. तो विद्यार्थी आज येथे येणार होता, पण त्याला कामावर जावे लागले.